सत्तरपैकी सत्तर

"अण्णांना विचारलंस का?"

तांबोळीचाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि हातातलं नाणं कडांनी धरून परत कापसात ठेवलं. कराडच्या चावडी चौकाजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, जिन्याखालची एक फळी आणि एक स्टूल. पण नाण्यांतलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस आमच्या पट्ट्यात दुसरा नव्हता. माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि चाचा यांची चाळीस वर्षांची दोस्ती.

"विचारायचं काय त्यात?" मी म्हणालो. "पंचाहत्तरीची भेट आहे चाचा. सरप्राइज! बाकीची दहा बघा की."

"एक बघितलं की कळतंय."

मला वाटलं, खूश झाले. मी लगेच दुसरा कापूस उलगडायला लागलो, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"जयवंता, ही जिथनं काढलीस तिथं नेऊन ठेव. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आता मी कसा माणूस होतो ते सांगितलं पाहिजे, म्हणजे पुढचा मूर्खपणा कळेल. मी तेव्हा भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. क्वालिटीचा माणूस म्हणजे दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायचा पगार घेणारा. शिक्का नाही तर माल नाही, आणि कागद नाही तर शिक्का नाही, एवढीच माझी गीता. घरी भाजी आणली तरी मी ती उजेडात धरून बघायचो. बायको म्हणायची, एक दिवस तुमच्याकडून मीसुद्धा रिजेक्ट होईन.

आणि अण्णा? अण्णा बँकेत कॅशियर. सरकार कुणाच्या जन्मशताब्दीचं, कसल्या तरी वर्षाचं म्हणून नाणं काढतं. त्यातलं साधं आपल्या हातात येतं, पण हौशी लोकांसाठी मुंबईच्या टाकसाळीत तेच नाणं खास वेगळं पाडतात, आरशासारखं. अण्णा आगाऊ पैसे भरून ती मागवायचे. पार्सल आलं की हात धुऊन, कोरडे करून, पांढरे हातमोजे घालून ते उघडायचे, आणि आम्ही पोरांनी श्वास लांब सोडायचा असा हुकूम असे. एकोणसत्तर सालापासून जमवलेली अकरा चांदीची नाणी. पूर्वी दर चैत्रात नाण्यांच्या क्लबाच्या प्रदर्शनात अण्णांचं टेबल असायचं. मी आठ वर्षांचा असताना ते बंद झालं.

त्याच वर्षी माझी थोरली बहीण शैलू गेली. श्याऐंशीचा श्रावण, कावीळ, तेराव्या वर्षी. मला तेव्हा विट्याला मामाकडे पाठवलं होतं आणि परत आणलं तेव्हा घरात तिचं काही नव्हतं. फोटोसुद्धा नाही. आई तिचं नाव काढत नसे, म्हणून आम्हीही कुणी काढत नसू. त्यानंतर अण्णांनी प्रदर्शनाला नाणी नेली नाहीत. कुणी विचारलं की म्हणायचे, "घरचं घरी बरं." मी समजलो, माणसाची उमेद गेली.

तर मी नाणी काढली त्या वर्षी काय झालं, दिवाळीच्या आधी क्लबाच्या एका मीटिंगला मी सहज गेलो होतो. तिथं एक नवा पोरगा, गळ्यात चेन, हातात मोबाइल, मला म्हणतो, "खटावकर? ते पण नाणी जमवायचे होय?" माझ्या टाळक्यातच गेलं. ज्या माणसानं या क्लबाची पहिली पावती फाडली, त्याला 'ते पण'! मी तिथंच ठरवलं. येत्या चैत्रात अण्णांना पंचाहत्तर पूर्ण होतात, प्रदर्शनही चैत्रातच. तिथं अण्णांचं टेबल लागलं पाहिजे, आणि प्रत्येक नाण्यावर असा शिक्का पाहिजे की त्या पोराची वाचा बसावी.

असा शिक्का मिळतो हे मला तिथंच कळलं होतं. नाणी तपासणाऱ्या कंपन्या असतात. त्या नाणं बघतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून, वर चिठ्ठी लावून परत पाठवतात. सत्तरपैकी सत्तर म्हणजे टाकसाळीतून पडलं तसं, एक रेघ नाही. मला कुणी सांगायची गरजच नव्हती. अण्णांच्या हातची नाणी म्हणजे सत्तरच.

भाऊबीजेला कराडला गेलो तेव्हा अण्णा बाहेर गेल्याचं बघून मी आईला गाठलं. "आई, कपाटाची किल्ली दे."

"अहो, त्यांना न विचारता?" ती मलाच 'अहो' म्हणाली, इतकी गडबडली. मी सगळं समजावून सांगितलं. परदेशातून शिक्का येणार, प्रदर्शनात मांडायची, लोक रांग लावून बघणार. ऐकता ऐकता आईचं तोंड उजळलं. तशी ती वर्षाकाठी फार थोड्या वेळा हसायची.

"नाव होईल ना रे त्यांचं?"

"होईल म्हणजे? कराडात दुसऱ्या कुणाचं राहणार नाही."

"मग ने. दिवाळी झाली, आता वर्षभर ते काही कपाट उघडत नाहीत. थांब जरा, परमुलखाला जायची ती, परत एकदा पुसून देते." आणि ती नाणी घेऊन माजघरात गेली. अर्ध्या पाऊण तासानं आली तेव्हा प्रत्येक नाणं वेगळ्या कापसात गुंडाळलेलं. तिच्या बोटांना दंतमंजनाचा वास येत होता. माझ्या नाकाला तो आला, डोक्यात काही शिरला नाही.

तीच नाणी घेऊन मी चाचांच्या फळीपुढे उभा होतो.

"बरं, पाठवायचीच असतील," चाचा खाली बघत म्हणाले, "तर पुण्याच्या माणसाकडे दे. बरा आहे. घरगुती काम करतो. पंधरा दिवसांत डबीत घालून देईल."

पुण्याच्या माणसाची मी आधीच चौकशी केली होती. मी काय चौकशीत कमी पडणारा माणूस आहे? ऑफिसच्या कागदावर तक्ताच काढला होता. पुण्याचा माणूस : स्वस्त, झटपट, आणि गिऱ्हाइकाचं मन मोडत नाही अशी ख्याती. मुंबईची कंपनी : बरी, पण कधी पंचवीस मार्क जास्त, कधी कमी, त्या दिवशी कोण बसलंय त्यावर. आणि तिसरी परदेशातली : महाग, चार महिने लागणार, मुंबईतल्या एजंटामार्फत पाठवायची, तीन माणसं वेगवेगळी बसून तपासतात आणि कुणाच्या बापाला भीक घालत नाहीत. या शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

"चाचा, पुण्याचा माणूस म्हशीलासुद्धा सत्तर देईल. मला ओळखीचा शिक्का नको. खरा पाहिजे."

"खऱ्याचं काय करायचंय तुला?"

"म्हणजे?"

चाचांनी एक घड्याळ उघडलं, बंद केलं. मग म्हणाले, "अण्णांना विचारून ये. ते हो म्हणाले तर मी स्वतः मुंबईला नेऊन देतो."

आणि इथं मी जे बोललो, ते आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते. मी म्हणालो, "शिक्का लागला की भाव कळतो, नाही का चाचा? मग बिनशिक्क्याचा माल स्वस्तात घेणाऱ्यांची पंचाईत व्हायची."

म्हातारा माणूस. अण्णांकडून त्यानं चाळीस वर्षांत एक चहा सोडून काही घेतलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कापसाच्या अकरा पुड्या एकेक करून माझ्या डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "जा बाबा," एवढंच म्हणाले.

मी गेलो. एजंटानं चार पानी फॉर्म दिला. मी फी वाचली, विमा वाचला, तारखा वाचल्या. नाण्यांच्या अवस्थेबद्दलचं एक अख्खं पान होतं, ते मी वाचलं नाही. अण्णांची नाणी, त्यात काय वाचायचं? आयुष्यात तेवढी एकच सही मी न वाचता केली.

चैत्रात, वाढदिवसाच्या पाच दिवस आधी, खोका पुण्याला आला. तोही मी उघडला नाही. म्हटलं, अण्णांच्या हातानंच उघडायचा. ज्या माणसानं आलेला खिळासुद्धा तपासल्याशिवाय गेटच्या आत घेतला नाही, त्यानं हा खोका तसाच, दोरीसकट, कराडला नेला. बायको बाळंतपणाला माहेरी होती, त्यामुळे मी एकटाच गेलो.

सकाळी घरात आम्ही चौघंच. चाचांना आईनं जेवायला बोलावलं होतं. मला वाटलं येणार नाहीत, पण आले. माझ्याशी नेहमीसारखे बोलले, त्यानं मला आणखीच लाजल्यासारखं झालं. अण्णा पाटावर बसलेले, नवं धोतर, डोक्यावर टोपी. आई आत पंचाहत्तर दिव्यांचं ताट लावत होती. मी खोका अण्णांच्या पुढ्यात ठेवला.

"काय रे हे?"

"उघडा तर."

त्यांनी खोक्यावरचा परदेशी पत्ता वाचला. मग वाचायचा चष्मा लावून परत वाचला. त्यांचा चेहरा असा उतरला की मला कळेना. "माझी नाणी पाठवलीस?" अगदी हळू म्हणाले.

"आईनंच काढून दिली. बघा तर खरं!"

अण्णांनी चाचांकडे बघितलं. चाचांनी मान हलवली, म्हणजे मी सांगून बघितलं या अर्थानं. अण्णा घाईघाईनं खोका बाजूला सारायला लागले. "नंतर. नंतर उघडू. आधी औक्षण होऊ दे. जेवणं होऊ देत. खोका कुठं पळून जातोय?"

पण माझ्या अंगात वारं शिरलं होतं. मी म्हटलं, लाजतायत. खिशातली किल्ली काढून दोरी तोडली आणि पहिली डबी वर काढली.

चिठ्ठीवर आकडा नव्हता.

आकड्याच्या जागी इंग्रजीत दोन शब्द होते. साफ केलेलं. मी दुसरी डबी काढली. साफ केलेलं. तिसरी, चौथी. अकराही डब्या मी पाटाभोवती पसरल्या. सत्तर नाही, साठ नाही, एक मार्क नाही. सोबत एजंटाचं पत्र होतं, ते मी उभ्या उभ्या वाचलं. दरदरीत पुडीनं अनेक वर्षं घासल्यामुळे सर्व नाण्यांवर चरे आहेत, मूळ झळाळी नष्ट झाली आहे, दर्जा देता येत नाही.

माझं डोकं फिरलं. चार महिने मी या दिवसाची वाट बघत होतो. "कुणी केलं हे?" मी ओरडलो. "कुठल्या गाढवानं घासली ही? सोन्यासारखी वस्तू, माती केली तिची! अक्कल गहाण टाकली होती का? अण्णा, कुणाच्या हातात दिली होतीत तुम्ही ही?"

"मीच घासली," अण्णा पटकन म्हणाले. "बँकेत असताना. कळत नव्हतं तेव्हा."

"तुम्ही? हातमोज्याशिवाय तुम्ही कधी..."

"जयवंता, गप बस," चाचा म्हणाले.

"गप काय बस! वाचा की हे! अनेक वर्षं, असं लिहिलंय. कोण एवढं मूर्ख..."

"अहो, तुम्ही कशाला?" दारातून आई म्हणाली. "मी घासते ना दरवर्षी."

ती ताट घेऊन उभी होती. दिवे सगळे लागलेले. अगदी साधेपणानं म्हणाली, चुकून दुसऱ्याचं नाव लागलं तर माणूस दुरुस्त करतो तसं. मग तिनं माझ्याकडे बघितलं, माझं तोंड तसंच उघडं होतं. चाचांकडे बघितलं, ते फरशीकडे बघत होते. शेवटी अण्णांकडे.

"घासल्यानं खराब होतात?"

"काही नाही गं इंदू. त्या लोकांचं काहीतरीच असतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

अण्णांनी डब्या गोळा करायला घेतल्या.

"पहिल्यापासून ठाऊक होतं? त्या दिवाळीपासून?"

"इंदू, अगं दिवे विझतील, ये."

ती आली. तिनं अण्णांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, ताट तीनदा फिरवलं, तोंडात साखर घातली. सगळं रीतीनं केलं. फक्त अण्णांच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. मग ताट देवापुढे ठेवून ती आत गेली आणि पानं वाढायला घेतली.

मी तिच्या मागं गेलो. "आई, मला माहीत नव्हतं गं. मी तुला नाही म्हणालो."

"मीठ वाढ पानांत," ती म्हणाली.

संध्याकाळी अण्णा मला घेऊन कृष्णा-कोयनेच्या संगमावर गेले. तिथल्या वाळूत ते रोजच फिरायला जात. मला वाटत होतं, त्यांनी मला चार शिव्या हासडाव्यात. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत.

"शैलू गेली तेव्हा तू विट्याला होतास," ते म्हणाले. पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "तुझी आई तीन महिने अंथरुणातून उठली नाही. बोलायची नाही, रडायची नाही. भिंतीकडे तोंड. मी भात टाकायचो, बँकेत जायचो. डॉक्टर म्हणाले, सांभाळा, या बाईचं काही खरं नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी घरी आलो, तर ही माजघरात बसलेली. न्हालेली, पदर खोचलेला. पुढ्यात माझी अकरा नाणी, दंतमंजनाची वाटी आणि माझ्या जुन्या धोतराचं फडकं. दहा घासून झाली होती."

ते थांबले. टोपी काढून परत घातली.

"मला म्हणाली, काळी पडली होती हो. तुमच्या नाण्यांकडे तीन महिने कुणी बघितलंच नाही. आणि हसली."

"मग तुम्ही?"

"मी काय? मी म्हणालो, काय लखलखतायत! म्हणालो, अकरावं मला दे, मी पुसतो. आणि बसलो शेजारी. तेव्हा ती बोलायला लागली. शैलूचं. पहिला दात, शाळेतली भांडणं, शेवटच्या दिवशी काय म्हणाली ते. दिवेलागणीपर्यंत बोलत होती. दुसऱ्या दिवशी परत गप्प. पण उठली, चूल पेटवली, तुला विट्याहून आणायला सांगितलं."

"आणि चाचा?"

"त्याच्याकडे नेली होती मी, काही करता येईल का बघायला. तो म्हणाला, गेली ही. म्हटलं जाऊ देत, फक्त कुठं बोलू नको." अण्णा पाण्याकडे बघत राहिले. "पुढच्या दिवाळीला मीच तिला काढून दिली. म्हटलं, अगं, काळी पडलीत बघ. पडली नव्हती तेवढी. दर दिवाळीला असंच. ती घासायची, मी पुसायचो, आणि ती शैलूचं बोलायची. वर्षातनं तेवढी एक दुपार. एरवी नाव नाही. पंचवीस दिवाळ्या झाल्या."

मला आठवलं, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी माजघराचं दार लोटलेलं असायचं. मी समजायचो, पूजेची भांडी घासतायत. मी अंगणात फटाके उन्हात घालत असायचो. एकदाही मला वाटलं नाही की दाराशी जाऊन ऐकावं.

"मला सांगायचं होतं अण्णा. एवढं तरी."

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तिला तोंड वाचता येतं." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चल. अंधार पडायच्या आत घरी जाऊ, ती एकटी आहे."

मी रडलो. तेहतीस वर्षांचा घोडा, संगमावर लोक भेळ खात होते, त्यांच्यासमोर रडलो. खरं तेच पाहिजे म्हणून मी सातासमुद्रापार गेलो होतो. घरात माझ्या बापानं पंचवीस वर्षं जे जपलं, ते मी औक्षणाच्या पाटावर फोडलं. तीन तपासणाऱ्यांची काही चूक नव्हती. त्यांनी अगदी बरोबर सांगितलं होतं.

त्या वर्षी दिवाळीला मी दोन दिवस आधीच रजा काढून गेलो. बायको आणि पोरगी दिवाळीला माहेरी गेल्या होत्या, त्यांना पाडव्याला आणायचं होतं. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी अण्णांनी त्या अकरा डब्या माजघरात आणल्या. त्या उघडत नाहीत, तशाच बनवलेल्या असतात. अण्णांनी एकेक डबी पाट्यावर ठेवली आणि बत्त्यानं फोडली. हातमोजे घातल्याशिवाय नाण्याला बोट न लावणारा माणूस, बत्ता दोन्ही हातांनी धरून ठोकत होता. मी प्लॅस्टिकचे तुकडे वेचत होतो. नाणी मोकळी झाली, तशी त्यांनी ती ताटात मांडली, वाटीत दंतमंजन ओतलं, फडकं घेतलं आणि पाट घालून हाक मारली.

"इंदू, ये गं. काळी पडलीत बघ."

आई स्वयंपाकघरात करंज्या तळत होती. "राहू द्यात," आतून म्हणाली. "आणखी खराब व्हायची."

"होऊ देत की! माझीच आहेत ना? ये."

"नको."

"मला जमत नाही एकट्याला."

"मग ठेवून द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते.

मग अण्णांनी स्वतःच एक नाणं उचललं, पुडीत बोट बुडवलं आणि घासायला लागले. आणि मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं बोलायला लागले.

"शैलूनं एकदा करंज्यांचं कातणं पळवलं होतं, नाही का गं? आणि स्वतःच्या फ्रॉकची झालर कातली सगळी. म्हणे, करंजीला कशी नक्षी येते, तशी मला पाहिजे. तू मारायला धावलीस आणि हसत सुटलीस."

आतून तळणीचा आवाज तेवढा येत होता.

"निळा होता ना गं तो फ्रॉक?"

अण्णा थांबले, मान वळवून दाराकडे बघत राहिले.

"का पिवळा? इंदू?"

झाऱ्याचा आवाज झाला. आणखी एक घाणा कढईत पडला. अण्णांनी नाणं पुसलं, ताटात ठेवलं, दुसरं घेतलं. बोटं पांढरी झाली होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुला आठवतो का रे?"

मला शैलूचा चेहरासुद्धा धड आठवत नाही. मी नाही म्हणालो. अण्णांनी अकराही नाणी घासली, पुसली आणि कपाटात ठेवली. त्या फाल्गुनात ते गेले.

आई त्यानंतर सहा वर्षं होती, माझ्याजवळ, पुण्याला. दर दिवाळीला मी तिच्याशेजारी बसून विचारायचो, आई, तो फ्रॉक निळा होता की पिवळा? ती माझ्या पोरीच्या केसांतून हात फिरवत राहायची आणि म्हणायची, "काय करायचंय आता."